वन्संच्या फाटकाचं माप

आमचे हे वीजघरातून निवृत्त झाले, पण उघडझाप होणारी जगातली प्रत्येक वस्तू आपल्याच अखत्यारीत येते हा त्यांचा समज काही निवृत्त झाला नाही. भिवपुरीला त्यांनी उभी नोकरी पाण्याच्या झडपा सांभाळण्यात घालवली. आता घरात नळ, कड्या, बरण्यांची झाकणं आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांच्या डिक्या सांभाळतात. कुणाच्या लग्नाला गेलो तरी हॉलमध्ये शिरण्याआधी दाराच्या बिजागऱ्या बघून घेतात. म्हणून यंदाच्या थंडीत वन्संच्या फाटकाचा प्रश्न निघाला, तेव्हा आमच्या घरात एका माणसाला गुपचूप आनंद झाला होता हे मी आधीच सांगून टाकते.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. गावातच दिलेली, त्यामुळे त्यांच्या माहेर-सासरमध्ये एक चिंच आणि एक वळण एवढंच अंतर. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पनवेलला असतो. नोकरी चांगली, सून चांगली, फ्लॅट मोठा आणि लिफ्टसुद्धा चालते. सगळंच चांगलं असल्यामुळे वन्संना तिकडे न जायला कारण सापडत नाही, आणि कारण नसताना नाही म्हणत राहायचं तर माणसाला फार हट्टी असावं लागतं. त्या बाबतीत त्या कुठेही कमी पडत नाहीत.

त्यांच्या घरापुढे वालाचा एक तुकडा आहे. भात कापून झालं की आमच्याकडे जमिनीच्या ओलीवर वाल टाकतात, आणि नेमकी त्याच सुमाराला गावातली गुरंही मोकळी सोडतात. माणसांनी वाल पेरायचा आणि गुरांनी त्यावर नजर ठेवायची, असा सगळा थंडीचा हंगाम जातो. म्हणून कुंपण घट्ट हवं. वन्संचं कुंपण निर्गुडी आणि मोगली एरंडाचं, हात घालायला जागा नाही इतकं दाट. फाटक म्हणजे दोन सागाचे खांब, खांबांना भोकं, आणि त्या भोकांतून आडवे सरकवलेले वासे. खाली कोकणात याला बेडं म्हणतात. आमच्याकडे नाव द्यायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, नुसतं वासे म्हणतात. जायचं असेल तर एकेक वासा ओढून बाजूला करायचा, पलीकडे जायचं आणि पुन्हा एकेक जागेवर घालायचा.

दिवाळी झाल्यावर खालचा वासा ओढताना वन्सं पडल्या. मी दूध आणायला निघाले होते. लांबूनच त्यांचा आवाज आला. वासा, तो ज्याने तासला तो माणूस आणि तो ज्या झाडाचा होता ते झाड, अशा सगळ्यांचा उद्धार चालला होता, त्यावरून जीव शाबूत आहे एवढं मला कळलं. कंबरेला मार बसला, हाड वाचलं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, ओढायचं नाही, उचलायचं नाही.

तेव्हापासून वन्संना बाहेर पडायचं झालं की हे जाऊन वासे काढायचे आणि त्या गेल्या की पुन्हा घालायचे. हे उशिरा उठले तर वन्सं खांबाला धरून उभ्या. एकदा मी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "कोंडवाड्यात घातल्यागत वाटतं गं. कुनीतरी यावं नि सोडावं, तवा मी जानार."

वन्संच्या मुलाला, म्हणजे आमच्या भाचेबुवाला, हे कळलं, कारण सांगणारे आमचे हेच. मग फोन आला. वन्संना कानाला लावून नीट ऐकू येत नाही म्हणून त्या फोन मोठ्याने लावतात, त्यामुळे आम्ही दोघांनी सगळं ऐकलं. तो म्हणाला, "आई, स्वतःच्या घराचं फाटक तुला उघडत नाही आणि एकटी राहते म्हणतेस. मी पोपटीला येतो तेव्हा माझ्यासमोर तुझी तू बाहेर येऊन दाखव. मामा नको, मामी नको. आलीस तर पुन्हा कधी विषय काढणार नाही. नाही आलीस तर टेंपो सांगून ठेवलाय. कपाट, गाद्या, भांडी, सगळं एका फेरीत पनवेलला."

"ये," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

आमच्याकडे पौषातल्या एखाद्या रविवारी वालाच्या शेंगा मडक्यात भरून भाजतात, ती पोपटी. त्यानंतर त्या वालाकडे बघत बसल्या. त्या घाबरल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरले. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्वयंपाकात खोट काढायला वन्सं आहेत. त्यांच्याशिवाय हे गाव मला नकोच होतं. पोरगा काही चुकीचं बोलत नव्हता, त्यानेच तर जास्त पंचाईत झाली होती.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी कागदावर लोखंडी फाटकाचं चित्र काढून आणलं. खाली चाकं, वर रूळ, मध्ये कडी, असं एका बोटाने सरकणारं.

वन्संनी कागद उलटासुलटा करून बघितला. "एवढं रुंद कशाला रं? मला काय त्यातनं टेंपो आनायचाय?"

"ताई, सोयीचं पडतं."

"कुनाच्या सोयीचं? सकाळचं लोखंड हाताला चावतं. नि ते कुरकुरलं की मी कुठं चालले ते अख्ख्या आळीला कळंल."

आळीला तसंही सगळं कळतं, पण हे मी बोलले नाही. शेवटी वन्संनीच तोड काढली. लोकांची फाटकं काय वाईट आहेत, ती बघून यायची आणि त्यातलं जमेल ते करायचं. डॉक्टरांनी सकाळी सपाट रस्त्यावर थोडं चालायला सांगितलंच होतं. अशा रीतीने आम्ही तिघं पौषातल्या धुक्यात दुसऱ्यांची फाटकं बघत फिरू लागलो. पुढे वन्सं, अंगात यजमानांचा जुना स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला आमच्या ह्यांची माकडटोपी. मधे हे, खिशात मोजायची टेप. मागे मी, दोघांचं भांडण मिटवायला.

इतकी वर्षं मी त्याच वाटांनी जात होते, पण फाटकं कधी बघितलीच नव्हती. आमच्या शिवारात कुणी फाटक विकत आणत नाही. घरात जे मोडतं ते कुंपणात जाऊन उभं राहतं. एका शेताला खाटेचं डोकं लावलंय, त्यावर अजून लाकडात कोरलेला मोर आहे. एका ठिकाणी पत्र्याच्या जाहिरातीतली बाई साबण हातात घेऊन आडवी पडलीय आणि तिला ढकलून मळ्यात जायचं. एका ठिकाणी जुन्या टायरच्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या होत्या. त्या बघून हे इतके खूश झाले की वन्सं आणि मी पुढच्या वळणावर शेकोटीला जाऊन हात शेकून आलो तरी ते तिथेच होते.

माझ्या माहेरी, कुंभिवलीला, एका कामासाठी गेलो तेव्हाही वन्संनी फेरी सोडली नाही. तिकडे हायवे असल्यामुळे फाटकंही हायवेचीच. माझ्या चुलतभावाच्या वाडीला ट्रकचा मागचा फाळका लावलाय, त्यावर हॉर्न द्या असं लिहिलेलं तसंच आहे. वन्सं त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "दिला असता गं, पन मला कुठं हाय हॉर्न?" फाळका त्यांच्याच्याने हलला नाही. चुलतभावाच्या सुनेच्याही हलत नाही. ती शेजारच्या कुंपणातल्या भोकातून जाते, असं तिनेच हसत सांगितलं.

परत येताना प्लॉट पाडलेल्या माळावरून आलो. तिथे नुसतं फाटकच आहे. दोन्ही बाजूंना सिमेंटचे सिंह, मधे मोठं काळं लोखंडी दार, दाराला कुलूप. कुंपण मात्र अजून झालेलं नाही. म्हशी डाव्या सिंहाच्या बाजूने आत जातात आणि उजव्या सिंहाच्या बाजूने बाहेर येतात. ह्यांनी कुलूप ओढून बघितलं आणि घट्ट आहे म्हणून समाधानाने मान हलवली.

ज्याची त्याची तऱ्हा बघून मजा येत होती, पण वन्संच्या उपयोगाचं काही मिळत नव्हतं. जे हलकं होतं ते जमिनीवर घासायचं, म्हणून उचलावं लागायचं. जे घासत नव्हतं त्याची कडी खाली असायची. गुरांना अडवणारी प्रत्येक वस्तू वन्संनाही अडवत होती. पोपटीचा रविवार जवळ येत चालला तशा त्या चालताना कमी बोलायला लागल्या. त्या बोलत नाहीत म्हटल्यावर मला थंडी जास्त वाजायची.

मग एका सकाळी आम्ही माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीकडे वळलो. तिथल्या घरांना कारवीचे झापे, म्हणजे विणलेल्या ताट्या. त्या बाजूला सारल्या की झालं. पण वाडीच्या टोकाला एक वालाचं शेत होतं आणि त्याच्या कुंपणात दारच नव्हतं. जमिनीत एक मोठं बेचकं पुरलेलं होतं. झाडाचं दुहेरी खोड असतं ना, दोन हात वर केल्यासारखं, तसं. डोक्यावर मोळी घेऊन एक बाई आली, जरा तिरपी झाली आणि त्या बेचक्यातून सरळ निघून गेली. ना काही उघडलं, ना काही लावलं.

वन्सं थांबल्या. "म्हस येत नाय यातनं?"

"कशी यंल? प्वाट अडतं तिचं," बाई चालता चालता म्हणाली.

वन्सं पुढे झाल्या, तिरप्या झाल्या आणि पलीकडे गेल्या. मग अलीकडे आल्या. पुन्हा पलीकडे गेल्या. शेवटी मीच म्हटलं, वन्सं, लोकांचं शेत आहे, पुरे. त्या माकडटोपीतून माझ्याकडे बघून हसल्या. पडल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं.

बेचकं शोधायला लांब जावं लागलं नाही. वन्संच्या गोठ्यामागे गेल्या पावसाळ्यात ऐनाचं झाड पडलं होतं आणि त्याच्या दुबेळक्या खोडावर त्या गोधड्या वाळत घालायच्या. ते करवतीने कापून आणलं. आता माप घ्यायचं होतं, आणि माप घेणं हे ह्यांचं काम. बेचक्याची फट वन्संना पुरली पाहिजे आणि म्हशीला पुरता कामा नये. ह्यांनी टेप काढली. सकाळची वेळ, धुकं अजून उतरायचं होतं. वन्सं स्वेटर आणि शालीसकट हात वर करून उभ्या राहिल्या. थोरल्या बहिणीला शाल काढ म्हणायची ह्यांची प्राज्ञा नाही. त्यांनी शालीवरून टेप फिरवली आणि नोकरीतल्या सवयीने वर थोडी मोकळीक धरली. बेचक्याचा सांधा मातीत खोल गाडला, म्हणजे वन्संना पाय उचलावा लागू नये. दोन्ही बाजूंची उरलेली जागा त्याच जुन्या वाशांनी कायमची बंद केली. काम देखणं झालं. वन्सं शालीसकट त्यातून अशा गेल्या की कुठे पदरसुद्धा अडकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वालात शेजाऱ्यांचं वासरू उभं होतं. आम्ही ओरडलो तेव्हा त्याने मान वर केली, तोंडातून वालाचा वेल लोंबत होता. मग ते आमच्याकडे बघत बघत बेचक्यातून निघून गेलं. त्याचीही शेपूट कुठे अडकली नाही.

"मोकळीक जास्त झाली," हे म्हणाले.

"मोकळीक नाय रं. तू माझं माप नाय घेतलंस. थंडीचं घेतलंस." वासराने खाल्लेल्या वालाकडे वन्संनी बघितलं. रविवार दोन दिवसांवर आला होता. मग त्यांनी शाल काढून माझ्याकडे दिली. स्वेटर काढला. टोपीही काढली, तिचा मापाशी काही संबंध नव्हता तरी. नुसत्या लुगड्यावर त्या धुक्यात उभ्या राहिल्या. दंडावर काटा आला होता. कपड्यांतून बाहेर आल्या तेव्हा त्या किती लहान झाल्यात ते मला एकदम दिसलं. "घे आता," त्या म्हणाल्या, "नि लवकर घे. गारठून मेले तर माप बदलंल."

ह्यांनी खाली मान घालून माप घेतलं, मोकळीक धरली नाही, आणि बेचक्याच्या आतल्या बाजूला एक जाड पट्टी ठोकली. संध्याकाळी वासरू आलं, त्याने डोकं घातलं, खांदे घालून बघितले आणि परत गेलं. वन्संनी त्याला गूळ दिला.

रविवारी भाचेबुवा गाडीने आला. मागोमाग टेंपो. भाचेबुवाला वाटलं होतं आई वाशांशी झटापट करणार, आणि पुढे होऊन धरायची वेळ आली तर म्हणून तो पाय फाकवून तयारीतच उभा होता. जुन्या फाटकाच्या जागी आडव्या वाशांमध्ये ऐनाची दोन बोटं वर उभी होती.

"आई, उघड," तो बाहेरून म्हणाला.

वन्सं वालातल्या पायवाटेने आल्या. थंडी होतीच. बेचक्याशी येऊन त्यांनी शाल काढली, स्वेटर काढला आणि दोन्ही फटीतून त्याच्या हातात दिलं. मग तिरप्या झाल्या आणि सावकाश, कशालाही हात न लावता बाहेर रस्त्यावर आल्या. "उघडायचं काय हाय त्यात?" असं म्हणून त्यांनी शाल परत मागितली.

तो शाल द्यायलाच विसरला होता. टेंपोवाला खाली उतरून बेचक्याभोवती फिरला, हाताने अंदाज घेतला आणि म्हणाला, "साहेब, ह्यातनं कपाट कसं काढायचं?"

"नाय निघत," वन्सं म्हणाल्या. "ह्यातनं मानूस जातं. कपाट नाय जात."

आमच्या ह्यांनी तेवढ्यात माझ्याकडे बघितलं. सरकत्या रुंद फाटकाचं चित्र वन्संनी का परत दिलं होतं ते त्यांना आत्ता कळलं असावं. मलाही आत्ताच कळलं.

भाचेबुवा हसला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "आणि तू आत पडलीस तर? स्ट्रेचर कुठून न्यायचं, आई? मी पनवेलहून येईपर्यंत तू..." थंडीपायी नाक ओढतोय असं त्याने दाखवलं. हाच प्रश्न आम्हीही रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर करत होतो.

वन्संनी त्याच्या हातातून स्वेटर घेतला आणि अंगात घातला. गुंडी लावायला त्यांना वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांनी घेतला.

"तवा कुंपन तोड की," त्या म्हणाल्या. "कोयती पडवीत हाय, मामालाबी ठावं हाय. कुंपन तुझंच हाय, घरबी तुझंच हाय. पन मी माझ्या पायानं जाते-येते तवर नको तोडू."

मग तो टेंपोवाल्याला घेऊन टेंपोकडे चालत गेला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. वन्संनी तिकडे बघायचं टाळलं. त्या मडक्यात घालायच्या शेंगा किती उरल्यात, वासराने किती खाल्ल्या, असलं काहीतरी मला विचारत राहिल्या आणि मी काय सांगतेय ते मात्र ऐकत नव्हत्या. टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला. मग तो आवाज लांब गेला.

भाचेबुवा परत आला तेव्हा बेचक्यातून आत जायला त्याने आपलं जाड जाकीट काढून आधीच हातात घेतलं होतं.